१४ वर्षांचे बडगे एका रात्रीत गेले. आता स्वतःची जागा करायची आहे

बडग्याताई
जागनाथ बुधवारी, नागपूर

नमस्कार मंडळी. आधी सगळं सांगते, मग विचारते. घाईत असाल तर नुसता शेवटचा परिच्छेद वाचा, पण मग अर्धवट सल्ला देऊ नका.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. एक काळी, एक पिवळी. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, हेही सगळेच सांगतात. पिवळी आमच्याच भागातून निघते. पण माझा जीव मारबतींपेक्षा त्यांच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांत. त्या वर्षी लोकांना ज्यानं ज्यानं छळलं त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. भाववाढ, खड्डे, डेंग्यू, वीजबिल, एखादा पुढारी. गळ्यात पाटी, पाटीवर खणखणीत वाक्य. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गावभर फिरवायचं आणि शेवटी जाळायचं. संध्याकाळपर्यंत राख. पुढच्या वर्षीचा बडग्या वेगळा, पाटी वेगळी.

जळून जायलाच केलेली वस्तू, त्यामुळे फोटो नसेल तर काहीच उरत नाही. २०११ साली भाच्याच्या लग्नासाठी ह्यांनी छोटा कॅमेरा घेतला होता. तो घेऊन मी पहिल्यांदा गच्चीवरून खाली उतरली. तेव्हापासून २०२४ पर्यंत दर वर्षी. करोनात, २०२० ला, गर्दीची मिरवणूक निघाली नाही, तेव्हा रिकाम्या रस्त्याचे फोटो काढले. असे सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास झाले. एका मोठ्या समाजमाध्यमावर पान काढलं होतं, तिथे टाकत गेली. पोट्टे मला "बडग्याताई" म्हणू लागले, तेच इथलं नाव.

फोटो टाकले की खाली लोक लिहायचे. एकानं लिहिलं, ७२ च्या दुष्काळात मिलोचा, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचा, बडग्या निघाला होता, अंगाला खरीच लाल मिलो चिकटवली होती आणि मिरवणुकीत कोंबड्या मागे लागल्या होत्या. जबलपूरला दिलेल्या एका बाईंनी लिहिलं की आमचे आजोबा सांगाड्यासाठी बांबूच्या कमच्या काढायचे, त्यांच्या अंगठ्याला कायम चीर असायची. दोन म्हातारे तर एका फोटोखाली आठ दिवस भांडले, हा बडग्या कोणत्या गल्लीचा म्हणून. फोटो मी काढले, पण पान या लोकांनी भरलं.

फेब्रुवारीत एका सकाळी पान उघडलंच नाही. "तुमचं खातं हिंसेला उत्तेजन देण्याच्या नियमाखाली बंद करण्यात आलं आहे." आठवून पाहिलं तर दोन दिवस आधी मी जुना फोटो टाकला होता. पेटलेला बडग्या, गळ्यात पाटी, "याले आत्ताच जाळा." तो डेंग्यूच्या डासाचा पुतळा होता हो! यंत्राला वाटलं बाई माणूस जाळायला सांगून राहिली. दाद मागितली. त्यांनी ओळखपत्र मागितलं. पानाचं आणि खात्याचं नाव होतं "बडगे नागपूरचे". आता माझ्या आधार कार्डावर "बडगे नागपूरचे" कोण लिहून देणार? नाव जुळत नाही, अर्ज फेटाळला, विषय संपला. फोन नंबर नाही, ऑफिस नाही, खिडकीपुढे जाऊन रडावं तर खिडकीही नाही. महापालिकेत निदान बाबू तरी असतो.

२०१५ नंतरचे मूळ फोटो घरी आहेत. २०११ ते २०१४ ची हार्ड डिस्क आधीच मेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, पानावर तर आहेत. हा शहाणपणा माझाच, दुसऱ्या कोणाला दोष नाही.

आता विचारते. मुलगा म्हणतो दुसऱ्या अ‍ॅपवर टाक. मला पुन्हा दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडायचं नाही. बर्डीतल्या एका वेबसाइटवाल्यानं ३५ हजार सांगितले, वर "दरवर्षी मेंटेनन्स" वेगळा. खरंच एवढं लागतं का? पैसे भरायचं विसरली किंवा उद्या मी नसली तर पुन्हा राखच का? लोक तर सगळे त्या अ‍ॅपवर आहेत, माझ्या दारात कोण येणार? आणि सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट: खालचं लोकांनी लिहिलेलं सगळं, मिलो, अंगठ्याची चीर, ते परत कसं आणू? आणि ते माझं आहे का मुळात?

---

जुना_मोडेम
वर्धा रोड, नागपूर

ताई, ३५ हजार देऊ नका. देणारच असाल तर मला द्या, मी दोन दिवसांत करून उरलेल्या पैशांत सगळ्यांना सावजी खाऊ घालतो.

आधी एक गोंधळ सोडवू. "वेबसाइट" या एका शब्दात तीन गोष्टी गुंडाळून विकतात. दारावरची पाटी, भाड्याची खोली आणि खोलीतलं सामान. पाटी म्हणजे डोमेन, तुमचं नाव डॉट इन किंवा जे काय घ्याल ते. खोली म्हणजे होस्टिंग, कोणाच्या तरी संगणकावरची जागा. सामान म्हणजे तुमचे फोटो आणि मजकूर. तिन्ही एकाच माणसाच्या हातात दिलं की तुम्ही त्याच्या ताब्यात. बर्डीवाला तेच करेल. पाटी स्वतःच्या नावानं नोंदवेल, आणि दोन वर्षांनी भांडण झालं की तुमचंच नाव तुम्हाला विकेल. माझ्याकडे अशी माणसं रडत येतात.

तेव्हा पाटी तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डानं. डॉट इनला वर्षाला काहीशे रुपये लागतात. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर विचारा. खोलीवाला त्रास देऊ लागला की सामान उचलायचं, दुसरी खोली घ्यायची आणि पाटीला सांगायचं की आता इकडे बोट दाखव. लोकांसाठी पत्ता तोच राहतो. सगळी मेख इथे आहे. त्या समाजमाध्यमावर पाटीही त्यांची होती, म्हणून तुम्ही गेलात तर पत्ताच गेला.

देवनागरीत डॉट भारतही मिळतं, २०१४ पासून आहे. तुमच्या विषयाला शोभेल. पण अजून काही ठिकाणी तो पत्ता टाकला की फॉर्म नाक मुरडतात, आणि कधीकधी त्याजागी इंग्रजी अक्षरांची एक विचित्र माळ दिसते, कारण आत नावांची यंत्रणा तसंच साठवते. घ्या, पण जोडीला डॉट इनही घ्या आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवा.

सामानाचा हिशोब. सहा हजार फोटो, प्रत्येकाची १६०० पिक्सेल रुंदीची लहान प्रत केली तर एक साधारण ४०० केबी. सगळे मिळून अडीच जीबीच्या आत. हे काहीच नाही, स्वस्तातल्या स्वस्त खोलीत मावतं. मूळ फोटो मोठे, पाच एमबीचा एक धरला तरी ३० जीबी. ते साइटवर चढवूच नका. दोन डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. मुलगा बाहेरगावी असेल तर त्याच्याकडे. एकाच कपाटात दोन डिस्क ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कपाट एकच असतं हो.

साइट कशात करायची यावर इथे लोक रात्रभर भांडतील. तुम्हाला मोबाइलवरून लिहायचं असेल तर वर्डप्रेस हे साइट करायचं तयार सॉफ्टवेअर घ्या. २००३ पासून आहे, मुक्त आहे, सगळं बाहेर काढून नेता येतं. पण त्याला वेळच्या वेळी अपडेट लागतात, नाही केले की चोर शिरतात. माझं मत विचाराल तर साधी एचटीएमएलची पानं, म्हणजे ब्राउझर थेट उघडतो अशा मजकुराच्या फायली. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं ३० एप्रिल १९९३ ला वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं, त्या काळातली पानं आजच्या मोबाइलवर उघडतात. या ३० वर्षांत किती चकाचक गोष्टी आल्या आणि गेल्या! जिओसिटीज २००९ ला, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, आपल्याकडचं कू जुलै २०२४ ला. साधं पान मात्र मरत नाही, कारण त्यात मरण्यासारखं काही नसतं.

लोक कसे येतील? आधी आपल्या घरी टाकायचं, मग गावभर वाटायचं. २०११ पासून अमेरिकेतल्या पोर्टलंडला काही मंडळी जमू लागली, इंडीवेब म्हणतात त्यांना, त्यांनी हा नियमच करून टाकला. मूळ प्रत तुमच्या साइटवर, त्या अ‍ॅपवर फक्त एक फोटो आणि घरचा पत्ता. अ‍ॅपनं हाकललं तर नुसता भोंगा गेला, माल घरात. साइटला आरएसएस फीड (नव्या पानांची वर्दी देणारी यादी) जोडा, म्हणजे ज्याला हवं त्याला नवीन पान आपोआप कळेल, मध्ये कुठलं यंत्र ठरवणार नाही की आज ताईंचा बडग्या दाखवायचा की नाही.

कोणीतरी येऊन मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर जा म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. चांगली गोष्ट आहे. हजारो वेगवेगळे सर्व्हर, कोणाची एकाची मालकी नाही, एकमेकांशी बोलायची भाषा वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं २०१८ ला प्रमाणित केली. पण एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलात तर तुमचे अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत. तो सर्व्हरही कोणीतरी हौसेनं चालवत असतो, त्याचं लग्न झालं की बंद करतो. विकेंद्रित म्हणजे आपोआप तुमचं, असं नाही.

खालच्या लोकांच्या लिखाणाचं मला सांगता येत नाही. ते कोडचं काम नाही.

---

तर्री_जास्त
नागपूर

ताई, राग नका येऊ देऊ, पण काहून एवढी झंझट? मोडेमभाऊ बरोबर बोलून राहिले, पण ते कॉम्प्युटरवाले हायेत. आपण नाही.

माह्या बाबांचं सावजी भोजनालय. २०१७ ले मी मोठ्या हौसेनं वेबसाइट केली. आपली पाटी, आपली खोली, सगळं आपलं. मेन्यू टाकला, बाबांचा फोटो टाकला, वडाभात कसा करते ते लिहिलं. ईमेल चुलतभावाचा दिला होता, कारण माह्या ईमेलचा पासवर्ड मले आठवत नव्हता. मंग कार्ड बदललं. चुलतभाऊ गेला दुबईले. पैसे भरा म्हणून मेल आले असतील, त्यानं पाहिलेच नाही. एक दिवस पुण्याहून गिऱ्हाईकाचा फोन, "भाऊ, तुमची साइट उघडली तर पत्त्यांचा जुगार दिसतो, बायको बाजूला बसली होती." नाव सुटलं होतं, कोणीतरी उचललं. बाबांच्या नावावर तीनपत्ती!

आणि त्याच भोजनालयाची नकाशावरची फुकट नोंद आजही चालू हाय, तिथे लोक रोज रस्सा तिखट हाय म्हणून लिहून राहिले. आता सांगा, माह्यं काय होतं आणि परकं काय होतं?

---

जुना_मोडेम

तर्रीभाऊ, तुमच्या बाबांना माझा नमस्कार, आणि तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पाटी कधीच विकत मिळत नाही, भाड्यानंच मिळते. भाडं थकलं की जाते. मालकीपेक्षा हे भाडेपट्ट्याच्या जवळचं प्रकरण आहे, फक्त पट्टा तुमच्या नावाचा असतो आणि वेळेवर पैसे भरले तर तुमचं तोंड आवडलं नाही म्हणून कोणी सहसा काढत नाही. फरक एवढाच, पण ताईंच्या बाबतीत तोच महत्त्वाचा.

ताई, भाऊंच्या अनुभवातून घ्यायचं ते असं. नाव एकदम पाच वर्षांचं भरा, दहापर्यंत भरता येतं. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, नाव गेलं की मेलही जाईल आणि "नाव जाणार आहे" हे सांगणारं पत्र त्याच जळत्या घरात पडेल. घरातल्या आणखी एकाला पासवर्ड माहीत असू द्या. मुदत संपल्यावरही काही दिवस जास्तीचे पैसे भरून परत घेता येतं, पण तिथपर्यंत जाऊ नका.

---

ग्रंथालयातली
धंतोली

मी ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, आता निवृत्त. कोडमधलं कळत नाही, पण ताईंचा शेवटचा प्रश्न आमच्याकडचा आहे.

फोटो तुमचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून छायाचित्रालाही इतर साहित्यासारखीच मुदत आहे, काढणाऱ्याचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं. खातं बंद केलं म्हणून त्यांची मालकी होत नाही. तुम्ही त्यांना फक्त दाखवायची परवानगी दिली होती. खाली लोकांनी लिहिलं ते मात्र त्या त्या लोकांचं. मिलोची गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांची, जबलपूरच्या बाईंचा अंगठा जबलपूरच्या बाईंचा. तुम्ही ते उद्या साइटवर डकवाल तर जे त्या कंपनीनं तुमच्याशी केलं त्याचीच धाकटी आवृत्ती होईल. न विचारता दुसऱ्याचं सामान हलवणं.

खातं चालू असताना माहितीची प्रत मागवता येते, पण तिच्यात बहुधा तुम्ही लिहिलेलं येतं, तुमच्या फोटोखाली इतरांनी लिहिलेलं येईलच असं नाही. युरोपात २०१८ पासून आपली माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसण्याचा हक्क आहे, नेण्याचा नाही. पुसून मिळेल, बांधून मिळणार नाही! (हे लिहिताना मला हसू आलं. आमच्या ग्रंथालयात बरोबर उलट असायचं.)

इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून जगभरची पानं साठवतं, तिथे पाहा, पण तुमचं पान आत शिरल्याशिवाय दिसत नसेल तर त्यांच्या यंत्रालाही दिसलं नसणार. म्हणून नवी साइट केली की ती कुलूप न लावता ठेवा आणि महत्त्वाची पानं तिथे स्वतःहून साठवायला द्या.

एक गंमत. रस्त्यावरच्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला कायदा मोकळीक देतो, पण तो पुतळा सार्वजनिक जागी कायमचा उभा असावा लागतो. बडग्या तर संध्याकाळी जळतो. म्हणजे काटेकोर पाहिलं तर बडग्या करणाऱ्यालाही विचारायला हवं. कोणी खटला भरणार नाही, पण विचारायला गेलात की माणूस बोलू लागतो. मी तुमच्या जागी असते तर कंपनीच्या मागे लागले नसते. माणसांच्या मागे लागले असते. ज्यांनी एकदा लिहिलं त्यांना पुन्हा सांगता येतं, लवकर गेलात तर.

---

बडग्याताई

सगळ्यांची आभारी आहे. तर्रीभाऊ, मी रागावली नाही. तुमची तीनपत्ती वाचून ह्यांना चहाचा ठसका लागला. ग्रंथालयातल्या ताई, तुमचं वाचून मात्र रात्रभर झोपली नाही. मी त्या लिखाणाला "माझं गेलं, माझं गेलं" करून राहिली होती. कामाला लागते, मग लिहिते.

---

बडग्याताई
अडीच महिन्यांनंतर

वचन दिलं होतं म्हणून लिहून राहिली.

पाटी घेतली, डॉट इन आणि डॉट भारत दोन्ही. पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. मुदतीची तारीख कालनिर्णयच्या मागे लिहिली, आणि कालनिर्णय दरवर्षी बदलतं हे लक्षात आल्यावर देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिली. पासवर्ड मुलाकडे आणि सुनेकडे. मुलापेक्षा सुनेवर जास्त भरवसा, ते इथे लिहायला हरकत नाही, तो इकडे येत नाही. साधी एचटीएमएलचीच पानं केली, मोडेमभाऊंनी एक साचा करून दिला. दर वर्षाचं एक पान, दर बडग्याचं एक पान. पान कोणतं ते पत्त्यावरून कळतं, वर्ष, मारबत, विषय. एकूण खर्च ३५ हजारांच्या जवळपासही नाही. सावजी बाकी आहे हो मोडेमभाऊ, विसरली नाही.

२०११ ते २०१४ साठी वणवण केली. फोनमधून फारसं मिळालं नाही, लोक फोन बदलतात आणि जुनं सोडून देतात. सापडलं ते भलत्याच ठिकाणी. इतवारीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे. बडग्यांच्या पाट्या अलीकडे हातानं कमी लिहितात, फ्लेक्सच छापतात. त्याच्या जुन्या संगणकात २०१३ आणि २०१४ च्या पाट्यांच्या कोरल ड्रॉच्या फायली होत्या! घरी आणून उघडल्या तर नुसता कचरा, "Æ" सारखी चिन्हं आणि आडवेतिडवे आकडे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, तिच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, आणि तो फॉन्ट माझ्याकडे नाही. पुन्हा त्याच्याकडे गेली, त्याच्या संगणकावर उघडून एकेक पाटी वहीत उतरवली. ६३ पाट्या. त्यातली एक, "खड्डा चुकवला, तर गाय आडवी." कोणत्या बडग्याच्या गळ्यात होती ते त्यालाही आठवत नाही. फोटो नाही, बडग्या नाही, फक्त वाक्य आहे. ते तसंच टाकलं, रिकाम्या चौकटीखाली.

मग ग्रंथालयातल्या ताईंचं ऐकलं. ४० फोटो छापून घेतले, चार बाय सहाचे, आणि संध्याकाळी नेहरू पुतळ्याकडे एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं बाई फोटो विकून राहिली. एकानं दहा रुपये देऊ केले. तिसऱ्या दिवशी म्हातारे थांबू लागले. फोटो हातात आला की माणूस चष्मा पुसतो आणि सुरू होतो. मी वहीत लिहायची, वाचून दाखवायची, "टाकू का साइटवर?" विचारायची. बहुतेक जण हो म्हणाले. दोघं नाही म्हणाले, त्यांचं पान वहीतच राहिलं.

मिलोवाले काका सापडले. अ‍ॅपवर त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या, पायरीवर पाऊण तास बोलले. कोंबड्यांची गोष्ट खरी, पण त्या बडग्याच्या मागे नव्हत्या लागल्या. बडग्या ठेवला होता त्या वाड्यात रात्रीच घुसल्या आणि सकाळी मिरवणुकीला एक बाजू सोललेली होती, तशीच नेली. वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "माह्यं नाव नको टाकू. गल्लीचं टाक. बडग्या गल्लीचा असते." मी म्हटलं, काका, कोणी सांगितलं ते लोकांना कळायला नको का? तर म्हणाले, "ज्याले कळायचं त्याले गल्लीवरून कळते." आता साइटवर माणसांची नावं नाहीत, गल्ल्यांची आहेत. माझंही काढून टाकलं, फोटोखाली फक्त "जागनाथ बुधवारीच्या गच्चीवरून".

जबलपूरच्या बाईंचा पत्ता लागला नाही. त्यांचं मी लिहिलेलं नाही. कमच्यांच्या पानावर जागा सोडली आहे.

त्या माध्यमावर आधार कार्डावरच्या नावानं नवीन खातं काढलं. आठवड्याला एक फोटो, पाटीवरचं अर्धं वाक्य, "बाकीचं घरी येऊन वाचा." पेटलेला फोटो टाकत नाही, आगीच्या आधीचाच टाकते. पहिल्या आठवड्यात साइटवर ३१ जण आले, त्यात पाच वेळा मीच होती. जुन्या पानावर एका दिवसात हजार लोक लाइकचा अंगठा द्यायचे. दुःख होत नाही असं नाही म्हणणार. पण परवा सातारा रोडवरून, पुण्याहून, एका मुलीचा ईमेल आला. तिच्या आजीची गल्ली ओळखली म्हणून. आजीला फोनवर वाचून दाखवलं, आजीनं दोन चुका काढल्या. दुरुस्त केल्या, खाली तारीख टाकली.

२०१२ अजून पूर्ण रिकामं आहे. एकही फोटो नाही, एकही पाटी नाही. मला आठवते ती पेट्रोल पंपाची नळी गळ्यात गुंडाळलेला एक उंच बडग्या, पिवळीच्या मागे, डोक्यावर काळी छत्री. त्या दिवशी पाऊस होता का ऊन, तेही नक्की नाही. कोणाच्या जुन्या फोनमध्ये, अल्बममध्ये, लग्नाच्या सीडीच्या शेवटी चुकून काही असलं तर सांगा. मी येऊन घेऊन जाईन, कळमन्यापासून हिंगण्यापर्यंत कुठेही. आणि कोणत्या गल्लीचा होता ते आधी सांगा.